ललितेतर ग्रंथांचे वाचन आणि सहविचार : अंतरवाली सराटीच्या निमित्ताने

कथा, कादंबरी, नाटक आणि काव्य बाजूस काढल्यावर जे वाङ्मय उरते, त्याला मराठीत अद्याप एक सर्वमान्य नाव मिळालेले नाही. कोणी त्यास वैचारिक वाङ्मय म्हणतात, कोणी माहितीपर, कोणी शास्त्रीय; ग्रंथविक्रेत्यांच्या बोलण्यात ‘नॉनफिक्शन’ हा शब्द रुळला आहे. ‘ललितेतर’ हा त्यांतल्या त्यात सोयीचा शब्द खरा. परंतु जे ललित नव्हे ते, एवढेच तो सांगतो. चरित्र, आत्मचरित्र, इतिहास, प्रवासवर्णन, निबंध, भूवर्णन, शास्त्रविषयक लेखन असा हा विस्तीर्ण प्रदेश केवळ नकाराने ओळखला जावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयविचाराविषयी काही सांगून जाते. रसचर्चा आपण काव्यनाटकांच्या आधाराने केली. ललितेतर ग्रंथांस आपण ‘उपयुक्त’ म्हणून मान दिला. पण हे ग्रंथ लोक आवडीने वाचतात आणि त्या आवडीला तिची स्वतःची अशी एक जात आहे, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला.

ही जात कोणती, याचे उत्तर प्रस्तुत लेखकास असे दिसते. कादंबरी वाचणारा मनुष्य एकटा वाचून तृप्त होऊ शकतो. तेथील जग लेखकाने निर्मिलेले असते आणि ते ग्रंथाच्या दोन पुठ्ठ्यांत पुरे होते. ललितेतर ग्रंथ जे सांगतो ते ग्रंथाबाहेरच्या जगाविषयी असते, आणि ते जग वाचकाचे एकट्याचे नसते. अमुक नदीच्या काठी अमुक पीक होत असे, अमुक साली अमुक कायदा झाला, अमुक माणसाने आपल्या बालपणी अमुक अपमान सोसला, असे विधान वाचले की ते खरे आहे काय, आपल्या अनुभवाशी जुळते काय, दुसऱ्या कोणास ते ठाऊक आहे काय, असे प्रश्न मनात उभे राहतात. येथील आनंद हा मुख्यतः पडताळ्याचा आनंद आहे. पडताळा एकट्याने पुरता होत नाही. त्यास दुसरा वाचक, निदान दुसरा जाणता मनुष्य लागतो. म्हणून ललितेतर ग्रंथ वाचणाऱ्यास त्याविषयी बोलावेसे वाटते, हा केवळ त्याचा स्वभावधर्म नव्हे. ती त्या वाचनाचीच अखेरची पायरी आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास अलीकडे जे निमित्त मिळाले ते काहीसे अनपेक्षित स्थळी. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव ऑगस्ट २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणास माहीत नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी उपोषण आरंभिले. १ सप्टेंबर रोजी तेथे झालेल्या पोलिसी लाठीमारानंतर गावाचे नाव सर्व महाराष्ट्रात दुमदुमले. त्या मागणीच्या गुणदोषांचा निर्णय हा या पत्रिकेचा विषय नाही. तो राज्यशास्त्र व विधिशास्त्र यांच्या अभ्यासकांचा आणि शेवटी न्यायालयांचा विषय आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळी. या आंदोलनात एका ग्रंथाचे नाव घोषणेसारखे उच्चारले गेले. ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर आणि बाजाराच्या दिवशी लोकांच्या तोंडी आले. ललितेतर वाङ्मयातील जो प्रकार सर्वांत रुक्ष समजला जातो, ग्रंथालयाच्या कपाटात ज्याला वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नाही, त्याच्या नावाने हजारो लोक एकत्र यावेत, ही मराठी वाचनाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी घटना आहे.

येथे एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. ‘गॅझेट’ आणि ‘गॅझेटियर’ या दोन भिन्न वस्तू आहेत. गॅझेट म्हणजे राजपत्र. शासनाचे हुकूम, नेमणुका आणि अधिसूचना ज्यात प्रसिद्ध होतात ते. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाचे भूवर्णन, हवापाणी, पिके, लोक, व्यापार, इतिहास आणि प्रसिद्ध स्थळे यांचा एकत्र परामर्श घेणारा ग्रंथ. महाराष्ट्र शासनाने त्यासाठी ‘दर्शनिका’ हा सुरेख शब्द योजिला. तो कार्यालयाच्या पाटीवर राहिला, लोकांच्या तोंडी बसला नाही. आंदोलनाच्या भाषेत दोन्ही शब्द एक झाले. बोलीत असे नेहमीच घडते व त्यात हिणविण्यासारखे काही नाही. परंतु ज्या ग्रंथाविषयी आपण बोलतो तो कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक नसेल, तर त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही याचा अंदाज चुकतो. गॅझेटियरात लोकसंख्येचे आकडे समूहांचे असतात. अमक्या गावच्या अमक्या माणसाचे नाव त्यात नसते. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीचा हक्क कसा ठरवावा, हा पेच त्यातूनच उद्भवतो. म्हणूनच शासनास सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून निजामकालीन महसुली व अन्य दप्तर तपासावे लागले. आणि पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरातील नोंदी विचारात घेण्याची कार्यपद्धती ठरविली तेव्हाही, व्यक्तीच्या बाबतीत स्थानिक चौकशीची गरज उरलीच.

आता हा ग्रंथ कोणत्या भाषेत आहे ते पाहू. ‘गॅझेटियर ऑफ औरंगाबाद’ हा निजामी राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याविषयीचा मोठा ग्रंथ १८८४ साली मुंबईस छापला गेला. अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. हा ग्रंथ इंग्रजीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालेत हैदराबाद संस्थानाचा खंड निघाला, तोही इंग्रजीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठवाड्यातील जिल्ह्यांची नवी गॅझेटियरे निघाली, तीही प्रथम इंग्रजीतच. आणि मूळ दप्तर पाहावे तर निजामी राजवटीत कारभाराची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू. गावपातळीवरचे मराठी लेखन मोडीत. तात्पर्य, अंतरवालीच्या शेतकऱ्याच्या पूर्वजांविषयी जे जे लिहिले गेले त्यातील बहुतेक त्याला स्वतःला वाचता येत नाही. कोणीतरी ते वाचून त्यास सांगावे लागते. वाचणारा किती विश्वासू आहे, आणि सांगितलेले तपासून पाहण्याची सोय ऐकणाऱ्यापाशी किती आहे, यावर सर्व अवलंबून. ग्रंथाविषयीचा सहविचार हा फावल्या वेळेचा विलास आहे असे ज्यांस वाटते त्यांनी या परिस्थितीचा विचार करावा.

वस्तुतः मराठवाड्याच्या भूमीत ग्रंथ दुसऱ्याने वाचावा, अनेकांनी ऐकावा आणि ऐकणाऱ्यांनी शंका घ्यावी, ही रीत नवी नाही. याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (इ. स. १६०८). दासबोधास आपण भक्तिपर ग्रंथ म्हणून ओळखतो आणि तो ओवीबद्ध असल्यामुळे काव्यात त्याची गणना करतो. परंतु वीस दशके आणि दोनशे समास यांच्या या ग्रंथात कथानक नाही. त्यात प्रपंच आहे, राजकारण आहे, मूर्खांची व पढतमूर्खांची लक्षणे आहेत, आणि अक्षर कसे वळवावे, कागदाच्या कडा कशा सोडाव्या येथपर्यंत लेखनकलेचे शिक्षण आहे. छंद बाजूस ठेवला तर हा ललितेतर वाङ्मयाचाच नमुना ठरतो. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. ग्रंथाचा आरंभच श्रोत्यांच्या पृच्छेने होतो: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, आणि हा ऐकून लाभ काय. नव्या पुस्तकाच्या परीक्षणात आजही आपण हेच तीन प्रश्न विचारतो. पुढे जागोजागी श्रोता आशंका घेतो व वक्ता तिचे निरसन करतो. त्याच पहिल्या समासात, संपूर्ण ग्रंथ न पाहता जो उगाच दूषण ठेवतो त्याची समर्थांनी कडक शब्दांत संभावना केली आहे. न वाचता भूषण देणाऱ्याविषयी ते तेथे काही म्हणत नाहीत. तो प्रकार बहुधा त्या काळी कमी असावा.

वारकऱ्यांच्या पारायणात अथवा पुराणिकाच्या सभेत शंकेला कितपत वाव असे, हा प्रश्न रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी तो नसे. पारायणाचा हेतू पडताळा हा नसून पुण्य हा असतो. तसेच ऐकण्यास कोणास बसू द्यावे आणि कोणास नाही यावर जातीची बंधने होती. ती विसरून जुन्या श्रवणपरंपरेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपणांस त्या परंपरेतून घ्यावयाचे आहे ते एवढेच, की आशंका ही ग्रंथाची अवहेलना नव्हे, ग्रंथाचाच तो एक भाग आहे, ही समज.

याहून जुना आणि प्रस्तुत विषयास अधिक जवळचा दाखला लीळाचरित्राचा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी संकलित केल्या. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ चरित्र आहे, म्हणजे ललितेतर आहे, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही. चक्रधरांचा संचार पैठणपासून गोदावरीच्या खोऱ्यात बहुत झाला. ज्या गंगथडीवर अंबड तालुक्याची गावे वसली आहेत, तिचाच तो परिसर. म्हाइंभटांची पद्धती मोठी लक्षणीय आहे. त्यांनी एकट्याने बसून ग्रंथ रचला नाही. प्रसंग पाहिलेल्या माणसांस गाठून त्यांच्याकडून आठवणी मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. मूळ पोथी लुटीत नाहीशी झाल्यावर अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. आणि त्या निरनिराळ्या स्मरणांतील पाठभेद ग्रंथात राखले गेले. एकाने असे सांगितले, दुसऱ्यास ते असे आठवते, ही नोंद ग्रंथास उणेपणा आणणारी आहे असे त्या मंडळींस वाटले नाही.

पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि ते शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकास बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांचा उलगडा झाला, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. जो ग्रंथ वाचता येत नाही त्याविषयी दोनच गोष्टी शक्य असतात, गैरसमज किंवा अतिरेकी आदर. महानुभावांच्या बाबतीत त्या काळात दोन्ही झाले.

राजवाड्यांचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. त्याच्या पाक्षिक सभांत टिपणे वाचली जात, कागद पुढे ठेवले जात आणि उपस्थित मंडळी त्यांवर वाद घालीत. राजवाडे स्वतः वादात कोणाची भीड ठेवणारे नव्हते. मराठी इतिहाससंशोधनाची जी शिस्त पुढे नावारूपास आली ती ग्रंथांइतकीच त्या बैठकांतून घडली, असे आमचे मत आहे. असे संघटित सहवाचन मराठवाड्यात त्याच काळी का फोफावले नाही, याचे कारण वाचकांची अनास्था हे नव्हे.

हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत मराठी भाषकांचे शिक्षण मातृभाषेतून होण्याची सोय अपुरी होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. सभा भरविण्यास पूर्वपरवानगी आवश्यक करणारे ‘गश्ती निशान ५३’ हे फर्मान त्या पिढीच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी ज्यांनी वाचल्या असतील त्यांस ठाऊक आहे की, खासगी शाळा, आखाडा, वाचनालय यांसारख्या साध्या गोष्टींवरही तेथे राजसत्तेची नजर असे. अशा राज्यात चार माणसांनी एकत्र बसून एखादे पुस्तक वाचणे व त्यावर बोलणे ही राजकीय कृती होते, मग त्या पुस्तकाचा विषय काही असो. आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. ज्यांस उघडपणे राजकारण बोलता येत नव्हते ते भाषा, शिक्षण आणि ग्रंथालये यांविषयी बोलत होते.

या इतिहासास एक विपरीत बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. उर्दू-फारसीच्या त्या सक्तीतूनच काही असे विद्वान निर्माण झाले की ज्यांची बरोबरी पुण्या-मुंबईच्या इतिहासकारांस सहजासहजी करता आली नसती. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हे त्यांतील अग्रगण्य. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा आत्मसात केल्या. फारसी साधने मूळातून वाचून मराठीत आणली. औरंगजेबाच्या फौजेत वावरलेल्या भीमसेन सक्सेनाची आठवणींची बखर आज मराठी वाचकास त्यांच्यामुळे वाचता येते. हेच पगडी पुढे महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियर विभागाचे प्रमुख संपादक झाले, हा योगायोग मोठा बोलका आहे. दुसऱ्याच्या भाषेतील ग्रंथ स्वतः वाचावा आणि आपल्या माणसांस तो सांगावा, हे काम त्यांनी जन्मभर केले. २०२३ साली निजामी दप्तर उघडण्याची वेळ आली तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणारी माणसे शोधावी लागली. पगडींच्या पिढीकडून ती विद्या पुढच्या पिढीने घेतली नाही, त्याची ही किंमत आहे.

ग्रंथालयांच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९५५ साली केला; मराठवाडा तेव्हा त्या राज्याचा भाग होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. म्हणजे जो भाग मागासलेला म्हणून ओळखला जाई त्याच्या वाट्यास हा कायदा बारा वर्षे आधी आला होता. कायदा आला म्हणून कपाटे भरली असे मात्र नव्हे. आणि कपाटे भरली तरी पुस्तक घरी नेणे व पुस्तकाविषयी बोलणे यांत अंतर राहतेच. आपल्या ग्रंथालयांच्या व्यवस्थेत देवघेवीची नोंद काटेकोरपणे होते. चर्चेसाठी एक खोली आणि आठवड्याचा एक वार राखून ठेवावा, असे फारच थोड्या ठिकाणी कोणास सुचले.

ज्यांस ते सुचले, किंवा ज्यांच्या भोवती ते आपोआप घडले, त्यांत नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. परभणी-नांदेडकडच्या कुरुंदा गावचा हा मनुष्य परीक्षांच्या मार्गाने फार पुढे गेला नाही. इंटरच्या परीक्षेत त्यांस वारंवार अपयश आले. विद्येचा वारसा त्यांस मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडून मिळाला आणि पुढील सर्व विद्या वाचनाने. इतिहास, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संगीत, धर्म, राजकारण असा त्यांचा संचार होता. पण ते केवळ बहुश्रुत नव्हते. त्यांच्या ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘मागोवा’ या संग्रहांतील लेख वाचताना सतत जाणवते की, हा लेखक कोणाशी तरी बोलत आहे. समोर बसलेल्या माणसाचा आक्षेप त्याने आधीच ओळखला आहे आणि तो आक्षेप दुबळा करून न मांडता पूर्ण ताकदीने मांडून मग तो त्यास उत्तर देत आहे. ही शैली लेखनिकाच्या मेजावर तयार होत नाही. ती बैठकीत तयार होते. व्याख्यान आणि गप्पा हे कुरुंदकरांचे खरे विद्यापीठ. त्यांचे पुष्कळसे लेखन मूळचे भाषण आहे.

याचा सर्वांत चांगला नमुना त्यांच्या एका पत्राचा. रणजित देसाई ‘श्रीमान योगी’ लिहीत असता कुरुंदकरांनी त्यांस शिवचरित्राविषयी दीर्घ पत्र लिहिले. शिवाजी महाराजांच्या कर्तृत्वाचे नेमके वेगळेपण कशात, लढाया व चमत्कारिक प्रसंग यांपलीकडे त्या राज्याची घडण कशी पाहावी, कोणती साधने विश्वसनीय मानावी, असा तो ऊहापोह आहे. देसायांनी तो कादंबरीस प्रस्तावना म्हणून छापला. कादंबरीकाराने आपल्या ग्रंथाच्या दारातच आपल्यास प्रश्न करणारा मनुष्य बसवावा, हे औदार्य असामान्य होय. त्याहून लक्षात घेण्यासारखे हे की, हजारो वाचकांनी कादंबरीच्या निमित्ताने तो लेख वाचला, काहींनी तो कादंबरीहून अधिक वेळा वाचला, आणि पुढे तो स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाला. एका वाचकाने दुसऱ्यास लिहिलेले पत्र याप्रमाणे ललितेतर ग्रंथ होऊन बसले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्याख्यानास उभे राहिले असतानाच कुरुंदकरांचे निधन झाले.

कुरुंदकरांच्या बैठकीत सर्वच स्तरांतील माणसे येऊ शकत होती. तथापि ग्रंथाविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांनी स्वतःचे सभास्थान स्वतः उभारले त्याची कथा निराळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. बाबासाहेब स्वतः केवढे वाचक होते, आणि दादरचे राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथांच्या जागेचा कसा विचार केला, हे सर्वश्रुत आहे. त्या महाविद्यालयाच्या परिसरातून गंगाधर पानतावणे यांनी १९६७–६८ च्या सुमारास ‘अस्मितादर्श’ चालविण्यास आरंभ केला. या नियतकालिकाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याने अंक काढून थांबणे पुरेसे मानले नाही. लेखक-वाचक मेळावे भरविले. मेळाव्याच्या नावातच वाचकास लेखकाच्या जोडीचे स्थान दिले होते.

त्यानंतरच्या वीस वर्षांत मराठीत जी आत्मकथने प्रसिद्ध झाली त्यांनी ललितेतर वाचनाच्या आनंदाविषयीच्या आपल्या कल्पनांस जबर धक्का दिला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, आणि लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. ही पुस्तके वाचून होणारी भावना सुखद म्हणता येत नाही. मग ती वाचकाने पुन्हा पुन्हा का वाचली? वर पडताळ्याचा आनंद म्हटला त्याचीच ही कठोर बाजू आहे. एका वाचकास ती आपलीच हकीकत वाटली आणि ती छापील पानावर पाहून त्यास बळ आले. दुसऱ्यास आपल्याच गावाच्या वेशीबाहेर काय चालले होते ते प्रथम कळले. हे दोन वाचक एकाच पुस्तकाविषयी बोलू लागले तर त्या बोलण्यात अवघडलेपणा असतो, केव्हा केव्हा कटुताही येते. पण तसे बोलणे झालेच नाही तर पुस्तक अर्धेच वाचले गेले. ग्रंथालीसारख्या वाचकचळवळीने या पुस्तकांच्या बाबतीत केलेले काम प्रकाशनाइतकेच चर्चेचेही होते, याची नोंद येथे केली पाहिजे.

या सर्व वाटेने पुन्हा अंतरवालीच्या ग्रंथाकडे आले असता काय दिसते? ज्या ग्रंथावर हक्काची भिस्त ठेवली जाते तो ग्रंथ लोकांनी एकत्र बसून वाचावा, अशी व्यवस्था कोठे दिसत नाही. पक्षातील व विपक्षातील मंडळी त्यातील एखादे पान, एखादा आकडा पुढे करतात. त्या पानाच्या मागचे व पुढचे पान कोणी सांगत नाही. वस्तुतः एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या भूवर्णनात अंबडच्या वाचकास रमविणारे पुष्कळ आहे. आपल्या पायाखालची माती एका परक्या नजरेस कशी दिसली, हे वाचण्यातील गंमत अन्य कोणत्याही ग्रंथात मिळणारी नाही. त्या नजरेचे दोषही तेथेच दिसतात. समाजाची विभागणी तिने आपल्या सोयीच्या रकान्यांत केली. ते रकाने कोणी आखले, माहिती कोणी पुरविली, आणि उत्तर देणाऱ्याने आपणांस काय म्हणवून घेतले, हे प्रश्न प्रत्येक आकड्यास विचारता येतात व विचारले पाहिजेत. हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. म्हाइंभटांस आठवणी सांगणाऱ्यांपाशी ती नव्हती.

या दृष्टीने विद्यापीठीय मराठी विभागांस करण्याजोगे काम उघड आहे. जुन्या गॅझेटियरांतील निवडक प्रकरणांचा सटीप मराठी अनुवाद ही पहिली गरज. टीपा अशा की ज्यांत मूळ विधानाचा आधार आणि त्याविषयीचा संशय दोन्ही सांगितलेले असतील. मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत भरतात, तसे तालुक्याच्या ठिकाणी भरावेत. आणि अनुवाद छापून कपाटात ठेवण्याऐवजी तो गावात वाचून दाखवावा. एकाने वाचावे, इतरांनी अडवावे, अडविणाऱ्याचे म्हणणे टिपून घ्यावे. पुढील आवृत्तीत ते पाठभेद म्हणून यावे. वाचनाचा आरंभ ‘लोक’ या प्रकरणापासून करू नये, असे आम्ही सुचवू. त्या प्रकरणावर आज मने तापलेली आहेत, आणि तापलेल्या मनास मागचे-पुढचे पान दिसत नाही. आरंभ पाऊसपाणी, जमिनीचा मगदूर आणि पिके यांपासून करावा. ज्वारीच्या कोणत्या जाती पेरल्या जात, विहिरीस पाणी किती हातांवर लागे, गोदावरीस पूर आला म्हणजे कोणती वाट बंद होई, याविषयी ग्रंथकाराहून अधिक जाणणारी माणसे त्या गावांत आहेत. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे होऊन डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागण्यापूर्वीची शेती ज्यांनी स्वतः केली, त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे.